पिशवीबरोबर काय गेलं

तिला घरचे सगळे भिंगरी म्हणायचे. लहानपणी एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून आईने ठेवलेलं नाव. लग्नानंतर सासरच्यांनीही तेच उचललं, आणि आता चव्वेचाळिसाव्या वर्षीही ते तिला चिकटून होतं. कामावर मात्र तिला मावशी म्हणत. ते तिला मुळीच आवडत नसे, पण एकदा तोंडात बसलेलं नाव कोण बदलतो?

काम होतं एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, प्राण्यांच्या खोलीत. तिथे तीनशेच्या वर पांढरे उंदीर होते. सकाळी साडेसातला आत शिरायचं, चपला काढून आतले बूट घालायचे, टोपी, मास्क, हातमोजे चढवायचे आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात करायची. जुना भुसा काढून नवा घालायचा, पाण्याच्या बाटल्या बदलायच्या, खाण्याच्या गोळ्या टाकायच्या, आणि दर सोमवारी एकेकाला हळूच उचलून काट्यावर ठेवायचं. अकरा वर्षांत तिचा हात इतका हलका झाला होता की उंदीर तिला चावत नसत. नव्या माणसाला हमखास चावत.

भिंगरीची चळवळ लहानपणापासूनचीच, पण गेल्या चार वर्षांतली अस्वस्थता निराळी होती. आधी ती फिरायची ती मजेत. आता आतून कुणीतरी ढकलल्यासारखी फिरायची. बसल्या बसल्या अंगाची लाही व्हायची, कानशिलं तापायची, मानेवरून घाम ओघळायचा आणि दोन मिनिटांत थंडी वाजायची. मध्येच छातीत पाखरू अडकल्यासारखी फडफड व्हायची. चार वर्षांपूर्वी, चाळिशीत, गाठी होऊन अंगावरून फार जायला लागलं म्हणून तिची गर्भाची पिशवी काढली होती. त्यानंतर आठवड्याभरातच हे सुरू झालं. "होतं असं," सासू म्हणाली. "अशक्तपणा आहे," शेजारीण म्हणाली. "पंखा लाव," नवरा म्हणाला. तिनेही मनाला लावून घेतलं नाही. होतं असं.

त्या सोमवारी ती वजनं करत होती. मॅडमच्या प्रयोगातल्या माद्या होत्या. मॅडम म्हणजे हृदयावर संशोधन करणाऱ्या डॉक्टर, तिशीतल्या, बोलायला घाईच्या पण मनाने सरळ. या प्रयोगात पिंजऱ्यांना तीन रंगांची कार्डं होती. पिवळी, निळी आणि हिरवी. खाण्याच्या गोळ्याही वेगळ्या मागवल्या होत्या, सोयाबीन नसलेल्या. का ते भिंगरीने कधी विचारलं नव्हतं. एवढं मात्र तिच्या लक्षात आलं होतं की निळ्या कार्डाच्या माद्या खातात तितकंच, पण फुगतात जास्त.

तेवढ्यात मॅडम दोन पाहुण्यांना घेऊन आत आल्या. तपासणी समितीचे लोक होते. मॅडम पिंजऱ्यांकडे बोट दाखवून सांगू लागल्या.

"पिवळ्या कार्डाच्यांचं पोट फक्त उघडून परत शिवलंय. निळ्यांची अंडाशयं काढलीत. हिरव्यांचीही काढलीत, पण मानेच्या कातडीखाली हार्मोनची बारीक गोळी ठेवलीय, इस्ट्रोजेनची. सोयाबीनमध्येही तसलाच अंश असतो, म्हणून खाण्यात ते नाही. मग भूल देऊन हृदयाची एक रक्तवाहिनी अर्धा तास बांधायची, सोडायची, आणि किती भाग मेला ते बघायचं."

"आणि?" एका पाहुण्याने विचारलं.

"आधीच्या फेरीत निळ्यांचं नुकसान सगळ्यात जास्त निघालं. हिरव्यांचं जवळपास पिवळ्यांइतकंच."

भिंगरीच्या हातातली मादी काट्यावर बसून मिशा साफ करत होती. कार्ड निळं होतं. वजन लिहायचं सोडून भिंगरी तिच्याकडेच बघत राहिली. फुगलेली, सुस्त, आणि आत काय कमी झालंय याचा पत्ता नाही.

पाहुणे गेल्यावर तिने मॅडमना गाठलं. "मॅडम, एक विचारू? बायकांचंही असंच असतं का हो?"

मॅडम हातमोजे काढत होत्या. "उंदीर तो उंदीर मावशी, माणूस तो माणूस. सरळ तसंच्या तसं लावता येत नाही. पण पाळी जाईपर्यंत बायकांना हृदयाचा त्रास पुरुषांपेक्षा कमी होतो, हे खरं. हार्मोन रक्तवाहिन्या लवचिक ठेवतो. तो कमी झाला की ते संरक्षण हळूहळू जातं. अंडाशयं लवकर काढली तर एकदम जातं. का हो?"

"माझी पिशवी काढलीय."

मॅडम थांबल्या. "फक्त पिशवी? अंडाशयं ठेवलीत ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे पिशवी वेगळी आणि तिच्या दोन बाजूंची अंडाशयं वेगळी. काही वेळा पिशवी काढून ती ठेवतात, काही वेळा सगळंच काढतात. तुमचं काय केलं?"

 शेजारणीच्या फ्रीजमध्ये काय आहे ते भिंगरी सांगू शकली असती, पण स्वतःच्या पोटात काय आहे, काय नाही, हे तिला सांगता येईना.

"दवाखान्यातून घरी सोडताना कार्ड दिलं असेल," मॅडम म्हणाल्या. "ते आणा उद्या."

संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या ती कपाटावर चढली. जुन्या बॅगा काढल्या, एक्सरेची पाकिटं काढली, मुलीच्या शाळेचे निकाल निघाले, लग्नात आलेल्या आणि कधीच न वापरलेल्या कपबशा निघाल्या. कार्डाचा पत्ता नाही. नवरा कामावरून आला तर खोलीभर पसारा आणि बायको स्टुलावर.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस शांत, इतका शांत की कधीकधी तिला त्याला हलवून बघावंसं वाटे.

"चोर येऊन गेला का आपणच घर बदलतोय?" त्याने विचारलं.

"माझ्या ऑपरेशनचं कार्ड कुठंय?"

"आता कशाला ते?"

"पिशवीबरोबर अजून काय काढलं ते बघायचंय."

नवऱ्याने डबा ओट्यावर ठेवला. वळून न बघताच तो म्हणाला, "चार वर्षं झाली त्याला. झाकली मूठ आहे, राहू दे की झाकलेली."

"मूठ माझी आहे," ती म्हणाली, "आणि मलाच ठाऊक नाही तिच्यात काय आहे ते!"

तो आत गेला आणि विम्याच्या कागदांच्या फाइलमधून घडी घातलेलं कार्ड घेऊन आला. काखेत कळसा अन् गावाला वळसा. तिने ते उघडलं. ऑपरेशनच्या रकान्यात तीन इंग्रजी अक्षरं होती, मग अधिकचं चिन्ह, मग आणखी तीन अक्षरं. ते अधिकचं चिन्ह तिला मुळीच आवडलं नाही.

त्याच वेळी फोन वाजला. धाकटी जाऊ. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या मशीनवर काम करायची. बोलणं तिखट, पण भिंगरीवर जीव.

"ताई, उद्या चार वाजता दाखल व्हायचंय. परवा सकाळी ऑपरेशन. तुम्ही येणार ना? तुमचं झालंय म्हणून मला धीर आहे बघा. तुम्ही कशा ठणठणीत आहात!"

जावेचीही पिशवी काढायची होती. वय एकेचाळीस. भिंगरीच्या छातीत पाखराने पंख आपटले. "येते," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कार्ड वाचायला दोन सेकंदही घेतले नाहीत. "दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशयं. सगळं काढलंय मावशी."

"कशाला? त्यांना काय झालं होतं?"

"इथे तरी काही लिहिलेलं नाही." मॅडमनी कार्ड उलटून पाहिलं. "घाबरू नका. प्रत्येकीला काही होतंच असं नाही. पण तुम्ही स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा, हृदयाची तपासणी करा. चार वर्षांत कुणी रक्तदाब तरी मोजलाय का तुमचा?"

भिंगरीने मान हलवली. नाही. ती उंदरांची वजनं करत होती दर सोमवारी, न चुकता, गेली अकरा वर्षं. तिचं स्वतःचं वजनही कुणी केलं नव्हतं.

ती पुन्हा पिंजऱ्यांकडे गेली. भुसा बदलताना तिचे हात भराभर चालत होते, पण डोक्यात किडा वळवळत होता तो एकच. उद्या सकाळी ऑपरेशन. आज चार वाजता दाखल. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. हिरव्या रांगेच्या बाटल्या भरून झाल्या आणि ती उरलेलं काम जोडीदारणीवर सोपवून निघालीच. टोपी डोक्यावर तशीच होती. रस्त्यावर लोक बघायला लागले तेव्हा तिला कळलं.

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मशीन घरघरत होती. जाऊ काच चाकावर धरून कड घासत होती, पाण्याचे बारीक थेंब तिच्या ॲप्रनवर उडत होते.

"अगं, थांबव ते. एक विचारायचंय. तुझी पिशवीच काढणार आहेत ना? का अंडाशयंही?"

"मला काय माहीत? पिशवी काढायची म्हणाले. त्यातच असेल ते सगळं."

"तसं नसतं. वेगळं असतं. माझं सगळं काढलं, मला न सांगता. तेव्हापासून माझ्या अंगाची भट्टी झालीय, छातीत धडधडतं. तुला विचारायला हवं त्यांना."

जावेने मशीन बंद केली. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की दोघीही दचकल्या. "ताई, मी महिनाभर झगडून मन घट्ट केलंय. आज दाखल व्हायचं आणि तुम्ही आज येऊन हे सांगता? चार वर्षं कुठे होतात?"

"मला आजच कळलं गं!"

"कळलं ते तुमच्यापाशी ठेवायचं होतं."  जावेने ती काच उजेडात धरली, पण बघितली नाही. "डॉक्टरांना उलटं विचारलं आणि ते चिडले तर? पोट माझं त्यांच्या हातात असणार आहे."

"मी विचारते. चिडू दे त्यांना माझ्यावर."

 जाऊ ॲप्रनला हात पुसत म्हणाली, "डोक्यावरची ती टोपी काढा आधी. स्वयंपाकघरातून पळून आल्यासारख्या दिसताय."

चार वाजता त्या दोघी दवाखान्यात होत्या. दीर अर्ज भरत होता. वॉर्डमधल्या खाटेवर जाऊ पाय खाली सोडून बसली होती आणि भिंगरी खिडकी ते दार, दार ते खिडकी. शेजारच्या खाटेवरची म्हातारी शेवटी म्हणाली, "बाई, तू बस तरी नाहीतर मला तरी फिरायला ने."

पाच वाजता एक तरुण डॉक्टर संमतीपत्र घेऊन आली आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवू लागली. भिंगरीने कागद हातात घेतला. छापील ओळींपुढे चौकोन होते. पिशवीपुढे खूण होती. खालच्या ओळीत, दोन्ही अंडाशयांपुढेही खूण होती.

"ही खूण कुणी केली?"

"नेहमीचं आहे ते. चाळिशी उलटली की करतात."

"हिला विचारलं?"

तरुण डॉक्टरने घड्याळाकडे बघितलं. "मोठ्या डॉक्टरांना विचारा. त्या राउंडला येतील."

दीर मध्ये पडला. "वहिनी, त्यांना त्यांचं काम करू द्या ना. शिकलेली माणसं आहेत."

"मी कुठे नाही म्हणते? शिकलेल्या माणसांनाच विचारतेय." आणि तिने तो कागद घडी न घालता छातीशी धरून ठेवला, कुणी हिसकावून घेईल म्हणून. जावेने सही केली नाही. पेन नुसतं हातात फिरवत बसली.

मोठ्या डॉक्टर सहाला आल्या. पन्नाशीच्या, पिकलेल्या केसांच्या, चालण्यात घाई. भिंगरीने रस्ता अडवला म्हणायला हरकत नाही. आदल्या दिवशी ऐकलेलं, कार्डावर वाचलेलं, स्वतःच्या अंगावर चार वर्षं सोसलेलं, सगळं तिने एका दमात सांगितलं. मग कागद पुढे केला.

डॉक्टर आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. मग त्यांनी कागद घेतला.

"अंडाशयाचा कॅन्सर उशिरा कळतो, म्हणून सरसकट काढून टाकायची पद्धत होती," त्या म्हणाल्या. "अजून काही ठिकाणी आहे. पण विचारल्याशिवाय ही खूण व्हायला नको होती. ही आमची चूक." मग जावेकडे वळून, "घरात कुणाला स्तनाचा, अंडाशयाचा कॅन्सर?"

"नाही." जाऊ म्हणाली.

"मग निरोगी दिसली तर ठेवू. खराब दिसली तर काढावी लागतील, तेही आत्ताच लिहून घेते. चालेल?"

जावेने भिंगरीकडे बघितलं. मग स्वतःच म्हणाली, "चालेल. पण एक तरी ठेवा."

डॉक्टरांनी खूण खोडली, शेजारी दोन ओळी लिहिल्या आणि कागद जावेच्या हातात दिला. तिने वाचला. दोनदा वाचला. मग सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर दीर, भिंगरी आणि तिचा नवरा होते. नवऱ्याने सुट्टी घेतली होती, जी तो कधी घेत नसे. दीर चहा आणायला गेला तेव्हा तो म्हणाला, "एक सांगायचंय."

"सांगा."

"तुझ्या ऑपरेशनच्या वेळी... तू आत होतीस, भूल दिलेली. एक डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, सगळंच साफ करून टाकतो, पुढे कटकट नको. सही करा. मी केली." तो बोटांकडे बघत होता. ग्रीस कधीच पुरतं न निघालेली बोटं. "मला वाटलं, साफ म्हणजे चांगलंच. लिफ्टचा जुना भाग काढतो तसा. तुझी भट्टी सुरू झाली तेव्हा मला शंका आली होती. पण विचारायचं कुणाला, आणि तुला सांगायचं कसं? म्हणून कार्ड फाइलमध्ये टाकलं."

भिंगरी उठली. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. आत काय उसळत होतं ते तिलाच धड कळेना. राग होता, पण तो नेमका त्याच्या शांतपणावर होता की त्या न दिसलेल्या डॉक्टरवर, की स्वतःच्या 'होतं असं'वर? परत आल्यावर ती म्हणाली, "मला जागं झाल्यावर तरी सांगायचंत."

"हो."

"चार वर्षं पंखा लाव म्हणत होतात."

"हो," तो म्हणाला. त्याने स्वतःची बाजू घेतली नाही, आणि त्यामुळे तिला धड भांडताही येईना.

साडेअकराला मोठ्या डॉक्टर बाहेर आल्या. मास्क गळ्याशी लोंबत होता. "पिशवी काढली. डाव्या अंडाशयाला मोठी गाठ होती, ते काढावं लागलं. उजवं चांगलं आहे, ठेवलंय. एक पुरतं."

दीर मटकन बाकावर बसला आणि लहान मुलासारखा हसला. भिंगरीला वाटलं होतं आता आपलं काळीज निवेल. निवलं नाही. तिने डॉक्टरांना तिथेच विचारलं, "आणि माझं काय?"

"ओपीडीत या. कार्ड घेऊन."

दोन आठवड्यांनी ती गेली. रक्तदाब मोजला तो चांगलाच वर निघाला. चरबीही वाढलेली. हृदयाच्या आलेखात मध्येमध्ये एखादा ठोका आगाऊपणा करून आधीच पडत होता, ते तिचं पाखरू. हृदयाच्या डॉक्टरांनी दोन दिवस छातीला यंत्र बांधून ठेवलं, पळत्या पट्ट्यावर चालवलं आणि सांगितलं की हृदयाला इजा झालेली नाही, पण रक्तदाब असाच राहिला तर होईल. गोळ्या सुरू झाल्या. मग मोठ्या डॉक्टरांनी पोटावर किंवा मांडीवर चिकटवायच्या हार्मोनच्या पट्ट्या लिहून दिल्या.

"हे पन्नाशीपर्यंत तरी," त्या म्हणाल्या. "तुमच्या शरीराला जे आपोआप मिळायला हवं होतं, तेच देतोय. सरसकट सगळ्यांना देत नाही. उतारवयात नव्याने सुरू केलं तर उलटही बाधतं. दर सहा महिन्यांनी दाखवायचं, छातीत दुखलं, जबडा दुखला, विनाकारण दम लागला तर लगेच. ॲसिडिटी म्हणून घरी बसायचं नाही. बायका तेच करतात."

"आणि गेलेली चार वर्षं? त्यांचं नुकसान भरून येतं का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "माहीत नाही. खरंच सांगते, कुणी तसं छातीठोक सांगू शकणार नाही."

बाहेर नवरा उभा होता. तिने पट्ट्यांचं पाकीट त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आठवड्यातून दोनदा बदलायच्या. तुम्ही लक्षात ठेवायचं. हे काम तुमचं." त्याने पाकिटावरची बारीक अक्षरं तिथे उभ्या उभ्याच वाचायला घेतली, ओठ हलवत, एकेक शब्द.

तीन आठवड्यांत अंगाची लाही कमी झाली. फडफड अधूनमधून होतीच. जाऊ महिन्याभराने चष्म्याच्या दुकानात परतली. फोनवर तिने एकदा विचारलं, "ताई, अजून गरगरताच का?" "तशीच," भिंगरी म्हणाली. "पण आता जिन्यावर थांबून श्वास घेते."

पुढच्या सोमवारी मॅडमनी निळ्या कार्डाच्या सहा माद्या वरच्या मजल्यावर मागवल्या. रक्तवाहिनी बांधायला आता त्यांचा नंबर होता. भिंगरीने पिंजरे गाडीवर चढवले. लिफ्टपाशी ती थांबली.

"मॅडम, यातून जे निघेल ते लिहाल, छापाल. ते त्या डॉक्टरांपर्यंत पोचतं का हो? ते खुणा करणारे?"

"पोचतं. वेळ लागतो."

"किती?"

मॅडमनी लिफ्टचं दार उघडून धरलं. भिंगरीने पिंजऱ्यात हात घालून सगळ्यात जाड मादीच्या पाठीवरून एकदा बोट फिरवलं. मादी चावली नाही. मग तिने गाडी लिफ्टमध्ये ढकलली आणि वरचं बटण दाबलं.